पाईपचा ऑफसेट: तिरका तुकडा किती लांबीचा कापायचा?

लाईन सरळ जात असली की फिटरला फारसं डोकं लावावं लागत नाही. टेप धरायचा, खूण करायची, कापायचं. पण मधे बीम येतो, केबल ट्रे येतो, नाहीतर पंपाचं तोंड लाईनच्या सेंटरला बसत नाही. मग लाईन तिरकी काढून थोडी बाजूला न्यायची आणि परत मूळ दिशेला लावायची. दोन एल्बो (लाईन वळवणारे तयार तुकडे) आणि त्यांच्यामधला तिरका तुकडा, हा झाला ऑफसेट. तो तुकडा नेमका किती लांबीचा, इथे नवा मुलगा अडतो. मग अंदाजाने जरा मोठा कापतो आणि ग्राइंडरने घासत बसतो.

खरं तर यातलं गणित नववी-दहावीच्या भूमितीपलीकडचं नाही. बहुतेक वेळा गणित चुकतच नाही. चुकतं ते माप घेताना आणि एल्बोची लांबी वजा करताना. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा त्या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे. उदाहरणं सगळी एकाच लाईनची घेऊ: ४ इंची कार्बन स्टील पाईप, बट वेल्ड (तोंडाला तोंड लावून केलेला वेल्ड), लाँग रेडियस (मोठ्या वळणाचे) एल्बो. या पाईपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी असतो, ४ इंच म्हणजे १०१.६ मिमी नव्हे. ही गोष्ट पहिल्याच दिवशी पाठ करून टाका.

आधी शब्द समजून घ्या

दोन समांतर लाईनच्या सेंटरमधलं आडवं किंवा उभं अंतर म्हणजे ऑफसेट. काही साईटवर त्यालाच सेट म्हणतात. लाईनच्या दिशेने पहिल्या वळणाच्या सेंटरपासून दुसऱ्या वळणाच्या सेंटरपर्यंतचं अंतर म्हणजे रन. आणि याच दोन सेंटरमधलं तिरकं अंतर म्हणजे ट्रॅव्हल. कागदावर काढून पाहा, काटकोन त्रिकोण दिसेल: ऑफसेट आणि रन या काटकोनाच्या बाजू, ट्रॅव्हल हा कर्ण.

कोनाबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. एल्बोवर ४५ लिहिलेलं असतं ते लाईन मूळ दिशेपासून किती वळली त्याचं माप. दोन पाईपच्या आतल्या बाजूला कोनमापक लावला तर तिथे १३५° दिसेल. सगळ्या सूत्रांत घालायचा तो ४५, १३५ नाही.

माप सेंटर टू सेंटर

सूत्रातला ऑफसेट हा सेंटरपासून सेंटरपर्यंतचा असतो. पाईपचं सेंटर तर हवेत, तिथे टेप लावणार कसा? दोन्ही पाईप एकाच साईजचे असतील तर सोपं आहे: एकाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत मोजा, किंवा बुडापासून बुडापर्यंत. उत्तर तेच येतं. वरच्या पाईपवरून ओळंबा सोडा किंवा खालच्या पाईपवर लेव्हल धरून गुण्या उभा करा. अंतर जास्त असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्यायची जुनी पद्धत आजही चोख चालते, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका.

साईज वेगळे असतील तर मात्र माथ्यापासून माथ्यापर्यंत मोजून चालत नाही. ४ इंची पाईपचा अर्धा व्यास ५७.१५ मिमी, ३ इंचीचा (व्यास ८८.९) ४४.४५ मिमी. दोघांचं बूड एका पातळीत असलं तरी सेंटरमध्ये १२.७ मिमी फरक असतो. ड्रॉईंग वाचतानाही हे पाहा: दिलेली उंची सेंटरलाईनची आहे की पाईपच्या बुडाची. आयसोमेट्रिकवर (लाईनच्या तिरक्या त्रिमितीय ड्रॉईंगवर) ते लिहिलेलं असतं, घाईत नजरेतून सुटतं.

जुन्या लाईनला जोडत असाल तर इन्सुलेशनवरून माप कधीच घेऊ नका. पत्र्याखालची लोकर सगळीकडे सारख्या जाडीची नसते. तेवढा भाग उघडा करा आणि उघड्या पाईपवरून मोजा.

आणखी एक. दोन लाईन समांतर आहेत हे सूत्र गृहीत धरतं, साईट गृहीत धरत नाही. ऑफसेट दोन ठिकाणी मोजा, मधे एखादा मीटर अंतर ठेवून. दोन्ही मापं जुळली तर पुढे जा. नाही जुळली तर आधी सपोर्ट आणि लेव्हल ठीक करून घ्या. वाकड्या लाईनला गणिताने सरळ करता येत नाही.

पाठ करायचे आकडे

नववीच्या पुस्तकातला ४५-४५-९० चा त्रिकोण आठवा: दोन बाजू सारख्या आणि कर्ण बाजूच्या √२ पट. म्हणजे ४५° च्या ऑफसेटमध्ये रन ऑफसेटइतकाच आणि ट्रॅव्हल १.४१४ पट. ३०-६०-९० चा त्रिकोण तसाच. बाकीचे कोन टॅन-साईनवरून निघतात, पण हा तक्ता डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की काम भागतं. प्रत्येक आकड्याला ऑफसेटने गुणायचं:

६०°: ट्रॅव्हल १.१५५, रन ०.५७७
४५°: ट्रॅव्हल १.४१४, रन १.०००
३०°: ट्रॅव्हल २.०००, रन १.७३२
२२.५°: ट्रॅव्हल २.६१३, रन २.४१४

“१.४ ने गुणलं तरी चालतं की” असं सांगणारे भेटतील. ऑफसेट ५०० मिमी असेल तर १.४१४ ने ७०७ येतात आणि १.४ ने ७००. हे ७ मिमी म्हणजे दोन्ही टोकांचे रूट गॅप (वेल्डसाठी दोन तोंडांमध्ये सोडलेली फट) मिळून होतात त्याहून जास्त. तीन दशांश स्थळं ठेवा, आणि पूर्ण आकडा करायचा तो अगदी शेवटी.

एल्बो किती खातो

ट्रॅव्हल हे सेंटर टू सेंटर अंतर आहे, पाईपची लांबी नव्हे. त्यातला काही भाग एल्बोच भरून काढतो. एल्बोच्या तोंडापासून त्याच्या वळणाच्या सेंटरपर्यंतचं हे अंतर म्हणजे टेक-ऑफ. वळणाचं सेंटर म्हणजे एल्बोच्या पोटातला एखादा बिंदू समजू नका. दोन्ही तोंडांतून सरळ येणाऱ्या सेंटरलाईन पुढे वाढवल्या की जिथे एकमेकींना छेदतात, तो बिंदू.

बट वेल्ड फिटिंगची मापं एएसएमई बी१६.९ या मानकात ठरलेली आहेत. लाँग रेडियस ४५° एल्बोचे टेक-ऑफ असे:

२ इंची: ३५ मिमी
३ इंची: ५१ मिमी
४ इंची: ६४ मिमी
६ इंची: ९५ मिमी
८ इंची: १२७ मिमी

९०° लाँग रेडियसचं लक्षात ठेवायला सोपं आहे, इंची साईजच्या दीडपट. ४ इंचीचे ६ इंच, म्हणजे १५२ मिमी. हाच त्या एल्बोच्या वळणाचा रेडियसही. तक्ता जवळ नसेल तर कोणत्याही कोनासाठी टेक-ऑफ = रेडियस × टॅन(कोनाच्या निम्मे). ४ इंचीला ४५° साठी १५२.४ × टॅन २२.५° = ६३.१ येतात, मानकात ६४ आहेत. लहान साईजमध्ये फरक आणखी असतो: २ इंचीला सूत्र ३१.६ देतं आणि मानक ३५. म्हणून तयार एल्बोला तक्त्याचा आकडा घ्या. सूत्र राखून ठेवायचं ते कापलेल्या एल्बोसाठी.

हातातला एल्बो तक्त्याबरहुकूम आहे का, हे तपासायची एक पद्धत दाखवतो. टेबलावर मोठा कागद पसरा आणि एल्बो त्यावर आडवा ठेवा, हलू देऊ नका. दोन्ही तोंडांना गुण्या टेकवून प्रत्येक तोंडाची एक रेघ कागदावर उतरवा आणि त्या रेघेवर पाईपच्या दोन्ही कडा कुठे येतात त्याच्या खुणा करा. एल्बो उचला. प्रत्येक रेघेवर दोन खुणांचा मध्य काढा आणि तिथून गुण्याने काटकोनात रेघ ओढा. दोन रेघा जिथे छेदतील ते वळणाचं सेंटर. तिथून तोंडाच्या रेघेपर्यंत मोजलं की त्या एल्बोचा खरा टेक-ऑफ मिळाला. पाच मिनिटांचं काम आहे. एल्बो वेगवेगळ्या लॉटचे असतील तर प्रत्येक लॉटमधला एक तरी असा काढून पाहावा.

आता पूर्ण उदाहरण

ऑफसेट ५०० मिमी, ४५° एल्बो, रूट गॅप ३ मिमी.

ट्रॅव्हल = ५०० × १.४१४ = ७०७
दोन एल्बोंचे टेक-ऑफ = ६४ + ६४ = १२८
दोन रूट गॅप = ३ + ३ = ६
कापायची लांबी = ७०७ − १२८ − ६ = ५७३ मिमी

रूट गॅप किती ठेवायचा हे तुमच्या वेल्डिंग प्रोसीजरमध्ये असतं. २ सांगितला असेल तर २ धरा, सवयीने ३ नको. हा तुकडा दोन्ही टोकांना बेव्हल होणार आहे, म्हणजे वेल्डसाठी कड तिरकी घासली जाणार आहे. ५७३ हे बेव्हल झाल्यावर टोकापासून टोकापर्यंतचं माप. गॅसने कापत असाल तर कटची रुंदी कोणत्या बाजूला जाणार ते आधी ठरवा आणि रेघ तुकड्याच्या बाजूला शिल्लक ठेवा.

वेल्ड झाल्यावर जॉइंट थोडा आखडतो, एखाद-दीड मिमी. एका ऑफसेटमध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही. आठ-दहा जॉइंटच्या स्पूलमध्ये (आधीच जोडून तयार केलेल्या पाईपच्या भागात) मात्र ते साठत जातं, म्हणून लांब स्पूलमध्ये शेवटचा एक तुकडा जास्तीचा ठेवून साईटवर मापाने कापतात.

पहिला एल्बो कुठे बसवायचा हेही याच आकड्यांतून निघतं. रन ५०० आहे. म्हणजे दुसऱ्या वळणाचं सेंटर जिथे हवं तिथून ५०० मागे पहिलं सेंटर, आणि तिथून आणखी ६४ आणि ३ मागे सरळ पाईपचं टोक. फिट-अप करताना दोन्ही एल्बो एका प्रतलात आहेत ना, ते पाहा. टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड) मारण्याआधी दोन्ही बाजूंच्या सरळ पाईपवर लेव्हल ठेवा. दुसरा एल्बो दोन अंशांनी पिळला गेला तरी पलीकडचं टोक तीन मीटरवर ७०-७५ मिमी भरकटतं, तिरका भाग समजा अगदी बरोबर कापलेला असला तरी.

ऑफसेट फारच लहान असेल तर

ऑफसेट ८० मिमी आला, तर? ट्रॅव्हल ११३ येईल आणि दोन टेक-ऑफच १२८ चे. उत्तर उणे. दोन ४५° एल्बो तोंडाला तोंड लावून मधे फक्त एक ३ मिमीचा गॅप ठेवला, तर ट्रॅव्हल १३१ आणि ऑफसेट १३१ × ०.७०७ म्हणजे सुमारे ९३ मिमी. ४ इंची लाईनमध्ये ४५° ने याहून लहान ऑफसेट निघतच नाही. तिथे कमी कोनाचा एल्बो कापावा लागतो. आणि ९३ च्या थोडं वर असाल तर मधे बोटभर तुकडा येईल. बऱ्याच कंपन्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये दोन वेल्डमधलं किमान अंतर दिलेलं असतं, तो तुकडा लावण्याआधी सुपरवायझरला विचारा.

जीआय, सॉकेट वेल्ड, प्लॅस्टिक

जीआय म्हणजे आट्यांचा गॅल्व्हनाइज्ड पाईप, सॉकेट वेल्ड म्हणजे खोबणीत पाईप घालून केलेला वेल्ड. तत्त्व तेच, फक्त पाईप फिटिंगच्या आत शिरतो. म्हणून टेक-ऑफ तोंडापासून धरायचा नाही, पाईपचं टोक आत जिथे थांबतं तिथपासून धरायचा. सॉकेट वेल्डमध्ये वळणाच्या सेंटरपासून सॉकेटच्या तळापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात सुमारे १.५ मिमी मिळवा, कारण पाईप तळाला टेकवून वेल्ड करायचा नसतो. जीआयमध्ये आटे किती आत जातात ते मेकप्रमाणे आणि डायप्रमाणे बदलतं. एक तुकडा फिटिंगमध्ये घट्ट पिळून पाहा आणि त्यावरून ठरवा. सीपीव्हीसी या प्लॅस्टिक पाईपमध्ये चिकटवायचं सोल्यूशन लावून पाईप तळापर्यंत जातो. कोरडा घालून पाहिला तर तो अलीकडेच अडकतो, तेव्हा कोरड्या मापावर विसंबू नका, सॉकेटची खोली मोजा.

रन कमी असेल तर: एल्बो कापणे

जागा भरपूर असेल तर ४५° घ्या आणि उरलेली लांबी सरळ पाईपने भरा. ऑफसेट ४०० आणि रनला जागा ७०० आहे म्हणून तीस अंशांचा एल्बो कापत बसू नका. ते कष्ट वाया आहेत. अडचण येते ती उलट वेळी. समजा ऑफसेट ४०० आहे आणि रनला जागा फक्त २५०.

कोन = टॅन व्यस्त (४०० ÷ २५०) = टॅन व्यस्त १.६ = ५८°
ट्रॅव्हल = √(४००² + २५०²) = ४७१.७
टेक-ऑफ = १५२.४ × टॅन २९° = ८४.५
कापायची लांबी = ४७१.७ − १६९ − ६ = २९६.७, म्हणजे २९७ मिमी

मोबाईलचा कॅल्क्युलेटर वापरताना आधी टॅन ४५ करून पाहा. १ यायला हवा. १.६२ आला तर तो अंशात नाही, रेडियनमध्ये आहे. सेटिंग बदलल्याशिवाय पुढचं एकही बटण दाबू नका.

५८° चा एल्बो बाजारात मिळत नाही, तो ९०° मधून काढायचा. खूण करायला सूत्र लागत नाही. पातळ टेप एल्बोच्या पाठीवरून (वळणाच्या बाहेरच्या बाजूने) एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत फिरवा: ४ इंचीला सुमारे ३२९ मिमी भरतील. त्याला ५८ ने गुणा, ९० ने भागा: २१२. मग पोटाच्या (वळणाच्या आतल्या) बाजूने मोजा, सुमारे १५० भरतील, त्याचे होतात ९६. दोन्ही कुशींच्या मध्यरेषेवर तसंच मोजा, २३९ चे १५४. एकाच तोंडापासून मोजून या चार खुणा केल्या की त्यांवरून लवचिक पट्टी गुंडाळून खडूने रेघ ओढा. रेघ एका प्रतलात आली पाहिजे, नागमोडी झाली तर एखादी खूण चुकली आहे. कापल्यावर बेव्हल करा आणि कापलेलं तोंड गोल राहिलंय का ते पाहा. एल्बोचा भाग किंचित लंबगोल असू शकतो, आणि पाईपशी जुळवताना तो आतल्या कडेला बोचतो.

रोलिंग ऑफसेट

लाईन वरही जाते आणि बाजूलाही, तेव्हा त्याला रोलिंग ऑफसेट म्हणतात. नवखे इथे बिचकतात, पण यात फक्त एक पायरी जास्त आहे. वर जाण्याचं अंतर ३५० आणि बाजूचं ४२० असेल, तर खरा ऑफसेट पायथागोरसने काढायचा:

√(३५०² + ४२०²) = √२९८९०० = ५४६.७

इथून पुढे आधीचाच रस्ता. ५४६.७ × १.४१४ = ७७३, त्यातून १२८ आणि ६ गेले, कापायची लांबी ६३९ मिमी. रन ५४७.

खरं कसब एल्बो किती फिरवून बसवायचा यात आहे. ४२० ÷ ३५० = १.२, आणि टॅन व्यस्त १.२ म्हणजे ५०.२°. एल्बो सरळ वर तोंड करून असता, तिथून बाजूकडे ५० अंश फिरवायचा. हे अंश पाईपवर कसे मोजणार? ४ इंची पाईपचा परीघ ११४.३ × ३.१४१६ = ३५९ मिमी. वर्तुळात ३६० अंश. म्हणजे या साईजला एक अंश जवळपास एक मिलिमीटर! लेव्हलने पाईपचा माथा काढा, माथ्यावर खडूची रेघ मारा, तिथून टेप परिघावरून ज्या बाजूला जायचं आहे त्या बाजूला ५० मिमी फिरवून दुसरी रेघ मारा. एल्बोच्या पोटाची मध्यरेषा या दुसऱ्या रेघेवर बसवा, पाठीची नव्हे. लाईन नेहमी पोटाच्या बाजूला वळते. ६ इंची पाईपला परीघ ५२९ येतो, तेव्हा तिथे एका अंशाला १.४७ मिमी धरा. दुसरा एल्बो याच प्रतलात, पण पोट बरोबर विरुद्ध बाजूला.

एकाच रॅकवर चार लाईन

पाईप रॅकवर शेजारी शेजारी जाणाऱ्या लाईनना सारखाच ऑफसेट द्यायचा असतो, तेव्हा सगळे एल्बो एका रेघेत लावायचा मोह होतो. दिसायला छान दिसतं. पण लाईन २०० मिमीच्या अंतराने असतील, तर एका रेघेत वळवल्यावर तिरक्या भागात त्यांच्यातलं काटकोनातलं अंतर २०० × ०.७०७, म्हणजे १४१ उरतं. ११४ च्या पाईपवर २५ मिमी इन्सुलेशन चढलं की १६४ होतात. दोन लाईन एकमेकींना भिडणार आणि इन्सुलेशनवाला तुम्हाला शोधत येणार.

अंतर २०० च ठेवायचं असेल तर वळणाची सेंटर पुढे-मागे करा. ४५° साठी हा फरक अंतर × ०.४१४ असतो, २०० ला ८३ मिमी. लाईन ज्या बाजूला वळते त्या बाजूची पहिली लाईन सगळ्यांत आधी वळवायची, पुढची ८३ मिमी नंतर, त्यापुढची आणखी ८३ नंतर. दुसऱ्या वळणालाही सेंटर त्याच क्रमाने सरकतात. त्यामुळे ट्रॅव्हल सगळ्यांचा एकच राहतो, आणि साईज सारखी असेल तर चारही तिरके तुकडे एकाच मापाने एका बैठकीत कापून घेता येतात. बदलते ती फक्त आधीच्या आणि नंतरच्या सरळ पाईपची लांबी. ती प्रत्येक लाईनवर स्वतंत्र मोजा आणि तुकड्यांवर लाईन नंबर पेंट मार्करने लिहा, खडू पावसात टिकत नाही.